भिंतीला उजेडाचा हात: पडक्या जागांच्या रात्रीच्या फोटोंची कुळकथा

चिऱ्याचं बंद घर. कौलं अर्धी उतरलेली, पडवीचा एक वासा खाली आलेला. वर निळसर आकाश आणि ताऱ्यांच्या बारीक रेघा. आत कुणी राहत नसताना माजघराची खिडकी मात्र आतून लालभडक पेटलेली, आणि पडवीच्या खांबांवर डाव्या अंगाने पिवळसर उजेड. असा फोटो पाहिला की हमखास विचारलं जातं, जनरेटर कुठे लपवला होता? जनरेटर कुठेच नसतो. हातात मावणारा एक टॉर्च असतो, नाटकवाले दिव्यांवर लावतात तसला लाल जिलेटिनचा तुकडा असतो आणि कॅमेऱ्याचं शटर दोन मिनिटं उघडं असतं. रंगारी भिंतीला चुन्याचा हात देतो, तसा इथे उजेडाचा हात दिलेला असतो.

हे कसं जमतं? दिवसा शटर सेकंदाच्या शंभराव्या हिश्श्यापुरतं उघडतं आणि त्या क्षणी समोर जेवढा उजेड असेल तेवढाच फोटोत येतो. रात्री ट्रायपॉडवर ते दोन मिनिटं उघडं ठेवलं की सेन्सर, म्हणजे कॅमेऱ्यातला उजेड टिपणारा भाग, पागोळ्यांखाली ठेवलेल्या बादलीसारखं काम करतो. चांदणं थेंब थेंब साठत राहतं आणि शेवटी आकाश, माड, छपराची कड हे सगळं दिसण्याइतकं भरतं. टॉर्च म्हणजे याच बादलीत तांब्याने ओतलेलं पाणी. एखाद्या खांबावर दोन सेकंद मारला तरी तेवढ्यात त्या खांबाचा वाटा भरतो. दहा खांबांना दहा दिवे लागत नाहीत. एकच दिवा दहा जागी नेला तरी चालतं, कारण शटर वाट बघत असतं.

टॉर्च घेऊन फिरणारा माणूस फोटोत का दिसत नाही, याचंही उत्तर यातच आहे. तो काळ्या कपड्यात असतो आणि चालता असतो. एकशेवीस सेकंदांपैकी कुठल्याही एका जागी तो सेकंद-दोन सेकंदच असतो. उरलेला वेळ मागची भिंत स्वतःचा उजेड पाठवत राहते आणि त्याची छाया पुसून टाकते. मात्र उजळ भिंतीसमोर तो दहा-पंधरा सेकंद उभा राहिला, तर भुतासारखा धूसर डाग उरतो.

इतिहासाकडे वळण्याआधी एक फरक पक्का करायला हवा, कारण बऱ्याच लेखांत त्याची गल्लत होते. दिवाळीत फुलबाजी गोल फिरवली की हवेत वर्तुळ दिसतं. इथे दिव्याचं तोंड बघणाऱ्याकडे असतं आणि चित्र होतं ते दिव्याच्याच वाटेचं. याला उजेडाने रेघा काढणं म्हणू. दुसऱ्या प्रकारात दिवा कॅमेऱ्यापासून लपलेला असतो आणि दिसतं ते त्याने उजळलेलं. हे उजेडाने रंगवणं. दोन्ही भावंडं असली तरी त्यांची घराणी वेगळी आहेत.

रेघांचं घराणं प्रयोगशाळेतलं आहे. फ्रान्समध्ये शरीरशास्त्रज्ञ एतिएन-ज्यूल मारे आणि त्यांचे सहकारी जॉर्ज देमेनी माणसाच्या चालीचा अभ्यास करत होते. १८८९ साली देमेनींनी एका माणसाच्या सांध्यांवर छोटे विजेचे दिवे बांधून त्याला अंधारात चालवलं आणि चालीच्या लाटा काचेवर उमटल्या. पुढे १९१०च्या दशकात अमेरिकेत फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ या दांपत्याने कामगारांच्या बोटांना दिवे लावून, कोणत्या हालचालीत वेळ वाया जातो ते मोजलं. यात कला करण्याचा कुणाचा हेतू नव्हता. तो पहिल्यांदा ठळकपणे दिसतो १९३५मध्ये. कलावंत मॅन रे यांनी स्वतःच्या फोटोत हवेत गिरगटा काढला. ती त्यांची उलटी सही आहे हे २००९पर्यंत कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. एलन कॅरी या छायाचित्रकाराने तो फोटो आरशात धरला तेव्हा ती वाचता आली. १९४९मध्ये छायाचित्रकार जॉन मिली यांनी दक्षिण फ्रान्समधल्या व्हालोरिसला पिकासोच्या हाती छोटा दिवा दिला आणि पिकासोने हवेत प्राणी काढले. तो फोटो इतका गाजला की इंटरनेटवर या कलेचा जन्मच तिथे लावला जातो. पडक्या घराच्या फोटोपुरतं बोलायचं, तर पिकासो हा लांबचा चुलता आहे. थेट पूर्वज बोगद्यात, थडग्यात आणि गुहेत सापडतात.

१८६१च्या सुमारास पॅरिसमध्ये छायाचित्रकार नादार यांनी जमिनीखालच्या अस्थिगृहांचे फोटो काढायचं ठरवलं. खाली सूर्य नाही आणि तेव्हा फिल्मच्या जागी वापरायच्या काचा अतिशय मंद. त्यांनी बॅटऱ्या वर रस्त्यावर ठेवल्या, तारा खाली सोडल्या आणि विजेच्या कमानी दिव्याच्या उजेडात एकेक काच अठरा-अठरा मिनिटं उघडी ठेवली. इतका वेळ कामगार निश्चल कसा राहणार? म्हणून त्याच्या जागी त्याचेच कपडे घातलेला पुतळा उभा केला. हाडांची ढकलगाडी ओढणारा तो ‘कामगार’ नीट पाहिला तर लाकडी वाटतो, आणि खरोखरच तो पुतळा आहे.

मग मॅग्नेशियमची फीत बाजारात आली. ती पेटवली की पांढराशुभ्र उजेड पडे, तारा-बॅटऱ्यांचं लटांबर नको. १८६५मध्ये खगोलशास्त्रज्ञ चार्ल्स पियाझी स्मिथ यांनी ती वापरून गिझाच्या मोठ्या पिरॅमिडच्या आतले फोटो काढले. १८६६मध्ये चार्ल्स वॉल्डॅक यांनी केंटकीतल्या मॅमथ गुहेत तेच केलं. अडचण धुराची. एक फीत जळली की पांढरा धूर कोंडे आणि पुढच्या फोटोआधी तो बसायची वाट पाहावी लागे. तरी रंगवण्याची गोम इथे दिसते: जागा काळोखी, माणूस दिवा घेऊन आत जातो आणि कुठे उजेड पडावा ते तोच ठरवतो. आज आपण टॉर्चने करतो ते याहून फार वेगळं नाही.

जमिनीवरची रात्र फोटोत आणणाऱ्यांत ब्रासाई यांचं नाव मोठं. १९३०च्या सुमारास पॅरिसच्या गल्ल्यांत ते घड्याळाऐवजी सिगारेटवर एक्स्पोजर, म्हणजे शटर उघडं ठेवायचा वेळ, मोजत. उजेड बरा असेल तर एका जातीची सिगारेट संपेपर्यंत, जास्त अंधार असेल तर दुसऱ्या, जाड जातीची. त्याच सुमाराला, १९२९मध्ये, जर्मनीत एकदाच पेटणारा फ्लॅशबल्ब विकायला आला. चर्च, कारखाने अशा अवाढव्य अंधाऱ्या इमारतींचे फोटो काढणाऱ्यांनी यातून युक्ती काढली: शटर उघडं ठेवायचं, एका खांबाआड बल्ब पेटवायचा, चालत पुढच्या खांबाआड जायचं, दुसरा पेटवायचा. १९५५ ते १९६०च्या दरम्यान ओ. विन्स्टन लिंक यांनी अमेरिकेतल्या नॉरफोक अँड वेस्टर्न रेल्वेची शेवटची वाफेची इंजिनं मुख्यतः रात्री टिपली. धावती गाडी म्हणजे शटर उघडं ठेवून चालणार नाही, म्हणून त्यांनी डझनावारी बल्ब तारांनी जोडून एकदम पेटवले. सूर्य हवा तिथे हलवता येत नाही, पण रात्री प्रत्येक दिवा आपल्या ताब्यात असतो, हा त्यांचा हिशोब.

हे सगळे धागे एकत्र आले सॅन फ्रान्सिस्कोत. १९७०च्या दशकात तिथे रात्री फोटो काढणारी मंडळी जमली. रिचर्ड मिझराक वाळवंटातली निवडुंगं रात्री फ्लॅश मारून टिपत होते, आर्थर ऑलमन रंगीत फिल्मवर रात्रीचे लांब एक्स्पोजर करत होते. त्या दशकाच्या अखेरीस स्टीव्ह हार्पर यांनी तिथल्या अकॅडमी ऑफ आर्ट कॉलेजात रात्रीच्या फोटोग्राफीचा रीतसर वर्ग सुरू केला. या वर्गाची गोडी लागलेल्यांत ट्रॉय पायव्हा होते. १९८९पासून ते पौर्णिमेच्या आसपास कॅलिफोर्निया-नेव्हाडाच्या वाळवंटात जाऊन ओस पडलेली गावं, मोटेल, भंगारातली विमानं रंगवू लागले, फ्लॅशवर आणि टॉर्चवर रंगीत जिलेटिनं धरून. आज कुठल्याही पडक्या जागेच्या फोटोत लाल-हिरवी पेटलेली खिडकी दिसली, की ती त्या वळणाची समजावी.

पण पडकीच जागा का? भुताटकीचं वातावरण हे एक उत्तर, आणि ते अर्धवट आहे. खरं कारण वीज. वसत्या घरासमोर रस्त्याचा दिवा असतो, शेजारच्या ओट्यावर बल्ब असतो, मध्येच कुणाची मोटरसायकल येते. दोन मिनिटांत हे सगळे बादलीत आपापलं पाणी ओततात. वीज तुटलेल्या जागी फक्त चांदणं आणि आपला टॉर्च उरतो. शिवाय तिथे कुणी मध्ये चालत येत नाही आणि काही हलत नाही. १९९६मध्ये बंद पडलेली सॅन फ्रान्सिस्कोजवळची मेअर आयलंड ही नौदलाची गोदी याच कारणाने रात्रीच्या फोटोवाल्यांची शाळा झाली.

फिल्मच्या काळात यात एक चकवा होता. खगोलशास्त्रज्ञ कार्ल श्वार्झशिल्ड यांनी १८९९च्या सुमारास ताऱ्यांचे फोटो मोजताना तो नियमात मांडला: उजेड फार मंद असला की फिल्म आळसावते. हिशोबाने एक मिनिट पुरेसं असलं तरी प्रत्यक्षात दोन-तीन मिनिटं द्यावी लागतात. डिजिटल सेन्सर असा आळस करत नाही, आणि चुकलं ते जागेवरच दिसतं. गेल्या वीसेक वर्षांत हा छंद इतका पसरला, त्याचं मुख्य श्रेय या दोन गोष्टींना. एलईडी टॉर्च स्वस्त झाले ही तिसरी.

आता आपल्या किनाऱ्यावर

कोकणात अंधाऱ्या, ओस जागांची वाण नाही. चाकरमान्यांची गणपतीपुरती उघडणारी आणि मग तीही न उघडणारी घरं, सोडून दिलेल्या चिरेखाणी, खाडीकाठी कलंडलेले मचवे. २०२०च्या जूनमध्ये निसर्ग वादळात बसरा स्टार हे जहाज रत्नागिरीच्या मिऱ्या किनाऱ्याला लागलं आणि पुढे वर्षानुवर्षं तिथेच गंजत पडलं, तेव्हा कितीतरी ट्रायपॉड तिकडे वळले. जंजिरा, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग मात्र मनातून काढून टाका. ते केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहेत, सूर्यास्तानंतर प्रवेश नाही आणि दिवसाही ट्रायपॉडला वेगळी परवानगी लागते.

बंद घरालाही मालक असतोच. तो मुंबईला असला तरी त्याचा भाऊबंद गावात असतो. त्याला विचारा आणि पोलीस पाटलांना वेळ कळवून ठेवा. हे शिष्टाचारापुरतं नाही. रात्री ओसाड घरात उजेड हलताना दिसला की गावात पहिला संशय येतो तो गुप्तधन शोधणाऱ्यांचा, आणि दहा मिनिटांत काठ्या घेऊन माणसं हजर होतात. समुद्राच्या बाजूला तर जास्तच जपा. १९९३मध्ये रायगडातल्या शेखाडीला स्फोटकं उतरली, २००८मध्ये हल्लेखोर समुद्रातून मुंबईत आले. तेव्हापासून किनाऱ्यावरून समुद्राकडे टॉर्च मारणं कुणी गमतीत घेत नाही. सागरी पोलीस ठाण्यात आधी सांगून जावं.

दुसरी गोष्ट भरतीची. वाळवंटातली शिकवण आहे पौर्णिमेला जा. कोकणातल्या पुळणीवर तोच सल्ला गोत्यात आणतो. मच्छीमारांचा साधा हिशोब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे चंद्र डोक्यावर यायच्या सुमाराला समुद्र उधाणाच्या भरतीवर, ट्रायपॉडच्या पायाशी. शुद्ध एकादशी सोयीची पडते. भरती सव्वाआठला, नंतर मध्यरात्र उलटून अडीचपर्यंत पाणी हटत राहतं आणि चंद्रही साधारण तोवर आकाशात असतो. उजेड पौर्णिमेच्या पाव ते तिसरा हिस्सा मिळतो, तो आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता, वाढवून भरून काढता येतो. अष्टमीच्या अर्ध्या चंद्राकडून अर्ध्या उजेडाची अपेक्षा ठेवू नका, तो जेमतेम दहावा हिस्सा देतो.

घरासमोर खळ्यात उभे आहोत असं धरू. कॅमेरा घरापासून दहा-बारा मीटरवर, २० मिलिमीटरची लेन्स. उजेड असतानाच जागा बघून घ्या: विहिरीला कठडा आहे का, माळ्याच्या फळ्या कुजल्यात का, दगडांच्या फटीत काय आहे. फुरसं चिऱ्यांच्या गडग्यात आणि पाचोळ्यात बसतं, त्यामुळे घोट्यापर्यंतचे बूट आणि चालायला वेगळा टॉर्च हे सामानात पहिलं. अंधार पडल्यावर पडवीच्या खांबावर टॉर्च मारून स्क्रीनवर मोठं करून फोकस करा आणि लेन्स मॅन्युअलवर टाकून रिंगला चिकटपट्टी लावा. फोकस आपोआप ठेवला तर शटर दाबताच कॅमेरा अंधारात चाचपडतो, आणि हे वीस मिनिटं वाया गेल्यावर लक्षात येतं.

एक्स्पोजर दोन मिनिटांचे प्रयोग करून शोधू नका. आयएसओ ६४०० ठेवून चार सेकंदांचा एक कच्चा फोटो घ्या. आकाश नीट आलं तर आयएसओ ३२ पटीने खाली, २००वर आणा आणि वेळ ३२ पटीने वाढवा: एकशेअठ्ठावीस सेकंद. स्वच्छ पौर्णिमेला लेन्सचं छिद्र एफ ५.६ला ठेवलं तर हाच आकडा जुळतो, एकादशीला आयएसओ ८०० धरा. कॅमेऱ्यातलं रंगाचं तापमान (व्हाइट बॅलन्स) ३८०० ते ४००० केल्व्हिन ठेवलं की चांदणं निळसर येतं. चांदणं खरं तर परतलेलं ऊनच, मूळचं निळं नसतं, पण डोळ्याला रात्री तसं भासतं आणि फोटोतही तेच पटतं. साध्या एलईडी टॉर्चचा उजेड मात्र फिक्कट हिरवट-निळा असतो, त्यामुळे चिऱ्याचा तांबडेपणा मरतो. टॉर्चवर फिकट नारिंगी जिलेटिन लावा. जांभ्यावर, म्हणजे चिऱ्याच्या दगडावर, निळं जिलेटिन वापरू नका, भिंत मळक्या जांभळ्या रंगाची दिसते.

शटर उघडलं. पहिली दहा सेकंदं नुसतं चालत डावीकडच्या गडग्यामागे जा. पाच मीटरवरून दीडशे ल्युमेनचा टॉर्च एका जागी दीड-दोन सेकंद पुरतो, म्हणजे पूर्ण पडवीला आठ-दहा सेकंद. मनगट सतत हलतं ठेवा, थांबलात की तिथे पांढरा चट्टा. मग मागच्या दाराने आत. टॉर्चवर लाल जिलेटिन, जे नव्वद टक्क्यांच्या आसपास उजेड खातं, म्हणून आत वीस-पंचवीस सेकंद द्यावे लागतात. तोंड खिडकीकडे करू नका. पाठ खिडकीकडे ठेवून समोरच्या भिंतीवर उजेड फिरवा, म्हणजे खिडकी पेटलेली दिसते आणि टॉर्चचा ठिपका दिसत नाही. सेकंद मोठ्याने मोजा. मनात मोजले की घाईत पंचविसाचे पंधरा होतात.

उजेड कुठून येतो यावर सगळं चित्र उभं राहतं किंवा पडतं. कॅमेऱ्याशेजारी उभं राहून टॉर्च मारला तर सावल्या भिंतीमागे लपतात आणि घर पुठ्ठ्याचं वाटतं. भिंतीला जवळजवळ समांतर, कडेने मारला तर जांभ्याचं प्रत्येक छिद्र आणि चिऱ्यांचे सांधे उठून दिसतात. पण इथे अंतराचं गणित आडवं येतं. दुप्पट अंतरावर उजेड चौथाईच पोहोचतो. आठ मीटर भिंतीच्या कडेला, जवळच्या टोकापासून दोन मीटरवर उभे असाल तर पलीकडचं टोक दहा मीटरवर, पाचपट लांब. तिथे उजेड पंचविसावा हिस्सा. जवळच्या टोकाला एक सेकंद दिलात तर लांबच्या टोकाला पंचवीस द्यावे लागतील. म्हणून नवख्यांच्या फोटोत भिंतीचं एक टोक जळलेलं आणि दुसरं काळं असतं. मागे सरका, किंवा टॉर्चला काळ्या चार्टपेपरची नळी करून झोत बारीक करा आणि लांबच्या भागावर रेंगाळा.

बाकीच्या चुका किनाऱ्याच्या खास. गाडीतल्या एसीतून कॅमेरा थेट बाहेर काढला की लेन्सवर वाफ धरते. पिशवीतच अर्धा तास बाहेर राहू द्या. डिसेंबर-जानेवारीत दव पडतं, दर दोन फोटोंनंतर काचेवर नजर टाका. खाऱ्या हवेची पातळ साय काचेवर बसली की प्रत्येक दिव्याभोवती खळं दिसतं. ओल्या पुळणीवर ट्रायपॉड दोन मिनिटांत थोडा खचतो आणि माडाची कड दुहेरी येते. पाय आधीच वाळूत दाबून बसवा किंवा कातळावर जा. माळ्यावर तर आपण चालतो तशा फळ्या लवतात आणि कॅमेरा हलतो. एप्रिल-मेच्या उकाड्यात सेन्सर तापून फोटोत रंगीत ठिपके उमटतात. कॅमेऱ्यातली लांब एक्स्पोजरची सफाई चालू केली तर ते जातात, फक्त दोन मिनिटांच्या फोटोनंतर कॅमेरा आणखी दोन मिनिटं आंधळा फोटो घेत बसतो. बॅटरी तेवढी जास्त लागते.

ताऱ्यांच्या रेघांबद्दल. दोन मिनिटांत तारे फार तर अर्धा अंश सरकतात, पूर्ण चंद्राच्या रुंदीएवढे, म्हणून रेघा छोट्या. लांब हव्या असतील तर दोन-दोन मिनिटांचे तीसेक फोटो सलग घेऊन नंतर जोडा. या मालिकेत ती सफाई बंद ठेवा, नाहीतर प्रत्येक रेघ मधेमधे तुटेल. वर्तुळं हवी असतील तर उत्तरेकडे बघा, पण कोकणात ध्रुव क्षितिजापासून सोळा ते एकोणीस अंशांवरच असतो, तेव्हा समोरच्या डोंगराआड जाणार नाही अशी जागा निवडा.

आणि तारेचा चोथा (स्टील वूल) पेटवून गरगरा फिरवायचा, ठिणग्यांचा पाऊस पाडायचा तो प्रकार. दिसायला जोरदार असतो, पण सुकलेल्या गवताच्या सड्यावर, कौलांखाली वाळवीने पोखरलेल्या लाकडाजवळ तो नकोच. २०१६मध्ये कॅलिफोर्नियात पॉइंट रेयीसची जुनी लाकडी बोट अशाच ठिणग्यांनी पेटल्याचा संशय होता. शेकडो फोटोग्राफरांनी टिपलेल्या त्या बोटीचा मागचा भाग जळून गेला.

निघण्याआधी त्याच जागेवरून, टॉर्च न लावता, त्याच वेळेचा एक फोटो घ्या. कुठे उजेड जास्त झाला असेल तर घरी दोन्ही एकावर एक ठेवून तेवढा भाग पुसता येतो. परतल्यावर ट्रायपॉडचे पाय पूर्ण उलगडून गोड्या पाण्याने धुवा आणि तसेच वाळू द्या. मिठाची पूड लॉकमध्ये राहिली, तर दोन महिन्यांनी ते फिरेनासे होतात.